अर्धी ट्यूब

बिडकीनच्या अलीकडच्या वस्तीवर कुणाची गाय धारेला लाथ मारायला लागली, की लोक मनकर्णाबाईला बोलावून आणत. ती गायीच्या पाठीवरून हात फिरवी, दोन शब्द बोले आणि खाली बसे. गाय जागची हलत नसे. या हातावर तिचं सगळं आयुष्य निघालं होतं, आणि त्याचा तिला अभिमानही होता.

कंपन्यांसाठी जमिनी गेल्यावर तिचं काम आणखी वाढलं. लोकांनी मोठ्या कासेच्या संकरित गायी आणल्या, पण पोरं नोकरीला शहरात आणि सुनांना गोठ्याची सवय नाही. नानासाहेबांच्या सहा गायी, काकासाहेबांच्या तीन, बन्सीच्या दोन, अशी ती सकाळ-संध्याकाळ घरोघरी धारा काढत फिरे. सगळ्यांत शेवटी साळूबाईकडे जाई. साळूबाई एकटी राही. तिच्या दारात एकच गाय होती, चंद्री. तिच्याकडे धार काढून झाली की दोघी चहा घेत, आणि तेवढा अर्धा तास मनकर्णाबाईला आपल्या घरचा वाटे.

एका उन्हाळ्यात नानासाहेबांच्या गायीला दगडी झाली. कास सुजून दगडासारखी घट्ट झाली, दुधात गाठी यायला लागल्या. औषधाच्या दुकानातून सडात चढवायच्या ट्यूबा आल्या. दुकानदारानं सांगितलं होतं, सगळ्या संपवायच्या. पण दोन ट्यूबांतच सूज उतरली, म्हणून नानासाहेबांच्या बायकोनं, आशाबाईनं, बाकीच्या गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवून दिल्या. पुढं काकासाहेबांची गाय सुजली तेव्हा मनकर्णाबाईला त्या आठवल्या. तिनं एक मागून नेली, अर्धी एका सडात चढवली, अर्धी दुसऱ्या गायीला. दोन्ही गायी बऱ्या झाल्यासारख्या वाटल्या.

मग हे असंच चालू झालं. ज्याच्या घरी औषध उरलं त्याच्याकडून न्यायचं, ज्याला नाही त्याला द्यायचं. एक पैसा कुणाकडून ती घेत नव्हती. बाया म्हणायला लागल्या, मनकर्णाबाईचा हात लागला की दगडी उतरती. तिला ते ऐकायला बरं वाटायचं. पंधरा दिवसांनी तीच गाय परत सुजली तर ऊन लागलं असेल, चारा बदलला असेल, असं ती स्वतःशी म्हणे आणि उरलेली अर्धी ट्यूब शोधे.

पावसाळा सरता सरता चंद्रीचा मागचा डावा सड तापला. साळूबाई घाबरली. तिला डॉक्टर बोलवायचा होता. मनकर्णाबाईच्या पदराच्या गाठीला तेव्हा बन्सीकडची अर्धी ट्यूब होती, चार दिवसांपूर्वी फोडलेली. तिनं ती मुठीत धरून लांबूनच दाखवली आणि सांगितलं, "डॉक्टरनीच दिलीय. नवी हाय. लई जोराचं औषध हाय."

हे ती का बोलली, ते तिला स्वतःलाही पुढं नीट सांगता आलं नाही. डॉक्टर आला असता तर आपली गरज उरली नसती, एवढंच कदाचित.

सूज उतरली, परत आली. पुन्हा अर्धी ट्यूब झाली. तिसऱ्या वेळी त्या सडातून पाण्यासारखं पिवळट काहीतरी आलं आणि चंद्रीनं चारा सोडला. तेव्हा साळूबाईनं कुणालाच न विचारता जनावरांच्या दवाखान्यात निरोप धाडला.

डॉक्टर अंबिका देवळगावकर शहरातून, क्रांती चौकाकडून, रोज स्कूटीवर येत. वय तिशीच्या आतलं, बोलणं मोजकं. त्यांनी इंजेक्शन दिलं, पण आधी सड पुसून लहान बाटलीत दूध घेतलं. मग वस्तीवरच्या जेवढ्या गायी सुजून गेल्या होत्या तेवढ्यांचं घेतलं आणि बाटल्या तपासणीला पाठवल्या.

आठवड्याभरानं त्यांनी सगळ्यांना दूध डेअरीच्या ओट्यावर बोलावलं. मोबाइलवर एक फोटो होता. गोल काचेच्या ताटलीत जंतू वाढवलेले, आणि वर औषधाच्या बारीक चकत्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती मोकळं कडं दिसतं, जंतू तिथं वाढत नाहीत, असं त्यांनी समजावलं. मग ताटलीवर बोट फिरवलं. आठांपैकी सहा चकत्यांना जंतू अगदी चिकटून वाढले होते. अर्धवट औषध मिळालं की सगळे जंतू मरत नाहीत, जे उरतात ते त्या औषधाला दाद देत नाहीत, आणि तेच पुढं वाढतात, असं त्या म्हणाल्या. चार घरांतल्या गायींत एकाच जातीचे जंतू निघाले होते.

त्यांनी सहज विचारलं, "या सगळ्या गायींच्या धारा एकच माणूस काढतं का?"

आशाबाई पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. बन्सीनं टोपी काढून परत घातली. कुणी नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं मनकर्णाबाईला वाटलं. ती मागं उभी होती. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि हळूच ओट्याच्या मागनं निघून गेली. साळूबाईनं तिला जाताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. दारातच उभी राहून तिनं विचारलं, हे माझ्या हातानं झालं का. अंबिकांनी तिला बाकावर बसवलं. धार काढताना काय काय करता, ते विचारून घेतलं. ती दुधाच्या फेसात बोटं बुडवून ओली करायची, एका गायीवरून दुसरीकडं तशीच जायची, पहिल्या चिळकांड्या गोठ्यातच जमिनीवर मारायची.

"मावशी, हातानं पसरलं, हे खरं आहे," अंबिका म्हणाल्या. "पण यात हात सगळ्यांचे आहेत. दुकानदार न बघता औषध देतो. मीसुद्धा घाईत तपासणी न करता इंजेक्शनं दिली आहेत."

पुढचं तिच्या कानात शिरलंच नाही. 'हातानं पसरलं' एवढंच घेऊन ती घरी आली.

त्या संध्याकाळी ती साळूबाईकडं गेली. चंद्री उभी होती, डावा सड सुकून आत ओढल्यासारखा झालेला. तो आता कायमचा गेला, हे दोघींनाही कळत होतं. मनकर्णाबाई खाली बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "ती ट्यूब डॉक्टरची नव्हती. बन्सीकडली उरलेली होती. मी खोटं बोलले."

साळूबाईनं वाकून वैरण सारखी केली.

"हाताचं मला कळलं होतं," ती म्हणाली. "ते व्हतं, चुकून व्हतं. पण तू माझ्या तोंडावर खोटं बोललीस. उद्यापास्नं मीच काढीन धार."

चहा त्या दिवशी झाला नाही, नंतरही कधी नाही.

मनकर्णाबाई आठ दिवस कुणाच्याच गोठ्यात गेली नाही. मग अंबिका स्वतः घरी आल्या. ती सोडून बसली तर लोक शिकणार कुणाकडून, असं त्यांनी विचारलं. त्यांनी औषधी पाण्याचा डबा दिला. निरोगी गायी आधी, सुजलेली सगळ्यांत शेवटी. प्रत्येक गायीला हात धुवायचे, वेगळं फडकं, धार झाली की सड औषधात बुडवायचा. मनकर्णाबाईनं ते सगळं तंतोतंत केलं. काकासाहेब कुरकुरले की वेळ लई जातो, पण वर्ष सरलं तेव्हा वस्तीवर दगडीच्या गायी दोनच उरल्या होत्या. लोकांनी तिचं कौतुक केलं. तिला ते नको होतं. कौतुक सुरू झालं की ती बादली उचलून चालायला लागायची.

साळूबाई वाटेत भेटली तर बोले, तब्येतीचं विचारी. दारात मात्र कधी बोलावलं नाही.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला पलीकडच्या गावची सरूबाई तिच्याकडं आली. गाय सुजली होती, आणि मनकर्णाबाईकडं ट्यूब मिळते असं तिनं कधीकाळी ऐकलं होतं. मनकर्णाबाई म्हणाली, नाय माझ्याकडं, डॉक्टरला बोलव. सरूबाईला वाटलं बाई मोठी झाली, द्यायचं मनात नाही. ती तसं बोललीही.

तेव्हा मनकर्णाबाईनं तिला उंबऱ्यावर बसवलं आणि साळूबाईच्या चंद्रीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, खोटं बोलल्यासकट. सांगताना तिची मान एकदाही वर झाली नाही.