घरात बाभूळ म्हण

बायको गेल्यानंतर कित्येक महिने मला पुस्तक घेऊन एका जागी बसता येईना. एक पान वाचायचं, उठायचं, गॅलरीत जायचं, परत येऊन तेच पान. चहा करायचा आणि ओट्यावरच विसरायचा. शेवटी एकदा मुलगी गुरुग्रामहून फोनवर चिडून म्हणाली, "बाबा, घरात येरझारा घालताय त्यापेक्षा बाहेर जाऊन काहीतरी करा ना यार."

म्हणून मी रविवारी सकाळी इथे दिल्लीत आर. के. पुरमच्या मागच्या खडकाळ उतारावर जाऊ लागलो. तिथे काही माणसं जमून विलायती कीकर काढतात आणि इथली जुनी झाडं लावतात. धौ, पळस, रोंझ. त्यांच्या पुढारी म्हणजे शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. सगळे त्यांना मॅडम म्हणतात. त्या मला अंकल म्हणतात, वयानं माझ्याच बरोबरीच्या असूनही.

"ये कीकर मेहमान बनके आया था अंकल," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "अब घरवालों को ही घुसने नहीं देता." हे झाड दिसायला बाभळीसारखं काटेरी, पण समुद्रापलीकडून आणलेलं. त्याच्याखाली दुसरं काही धड उगवत नाही, आणि नुसतं तोडलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं.

काम मला आवडलं. खड्डे खणायचे, आळी करायची, पाणी घालायचं. हात चालू असेपर्यंत डोकं जरा गप्प बसे. घरी आलं की पुन्हा गॅलरी.

फाल्गुनातल्या एका रविवारी मॅडमनी एका झाडाला लाल चिंधी बांधली. म्हणजे ते पुढच्या आठवड्यात निघणार. मी पाहिलं आणि हातातली बादली खाली ठेवली. आमच्या जुन्या क्वार्टरच्या भिंतीलगतचं झाड होतं ते. आमची बाभूळ.

लग्न होऊन बायको दिल्लीत आली तो पहिला आठवडा ती नळ सोडून स्वयंपाकघरात रडायची. तिचं गाव सोलापूरकडचं, कोरड्या रानातलं. मी पुण्यात पेठेत वाढलेला, झाडं पुस्तकातूनच माहीत. एका संध्याकाळी मी तिला हाताला धरून क्वार्टरमागे नेलं आणि म्हणालो, "हे बघ, तुझ्या गावची बाभूळ इथेही आहे." ती बराच वेळ वर बघत राहिली. मग हसली. दिल्लीत आल्यावर पहिल्यांदाच.

तेव्हापासून ती बाभूळच. तिच्या विरळ सावलीत बसून बायको मेथी निवडायची. चपलेत काटा घुसला की म्हणायची, "बोचते, पण ओळखीची आहे."

मॅडमच्या बोलण्यातून ती बाभूळ नव्हे हे मला कळलं होतं, आणि तेव्हापासून ते मनात सलत होतं. मी तिला खोटं गाव दाखवलं होतं. पण तिला त्यात गाव दिसत होतं, एवढं पुरे नव्हतं का? तिचं तेवढं एक झाड मी कसं काढू द्यायचं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटाच गेलो, चिंधी सोडली आणि खिशात घातली. आठवडाभर ती खिशातच होती. बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, जिन्यात, कुठेही असलो तरी हात तिकडे जाई. मॅडमना काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवायचो आणि मोडायचो.

शनिवारी मुलगी आली. कपडे मशीनमध्ये टाकताना तिला चिंधी सापडली. "हे काय आहे?"

मी सांगितलं. आईला ती शेवटपर्यंत आपल्या गावचीच वाटत होती, हेही सांगितलं.

"बाबा," ती म्हणाली, "आईला माहीत होतं."

"काय?"

"ती बाभूळ नाहीये हे. मला शाळेत पानंफुलं चिकटवून न्यायची होती. मी खाली 'बबूल' लिहिलं, तर आईनं खोडलं. म्हणाली, बाभळीला पिवळे गोंडे येतात, गोल, मऊ. ह्याला बघ, नुसत्या वाती लोंबतात. शाळेत विलायती कीकर लिही, घरात बाभूळ म्हण."

"घरात का?"

"मी पण तेच विचारलं. तर म्हणाली, तुझ्या बाबांनी केवढ्या हौसेनं दाखवली होती. असू दे."

मुलगी हसत होती. मला हसू आलं नाही. म्हणजे त्या पहिल्या संध्याकाळी वर बघताक्षणीच बायकोनं ओळखलं होतं. मग ते झाड तिचं नव्हतंच. माझं होतं, आणि तिनं माझ्यासाठी ते सांभाळलं होतं. मी उठून गॅलरीत गेलो, परत आलो. रोज जेवणानंतर मी तिला पुस्तकातून वाचून दाखवायचो. तेही 'असू दे'च होतं का? निवृत्तीनंतर तिच्या गावाकडे न जाता इथेच राहिलो, ते? आता विचारायचं कोणाला?

रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन मी चिंधी पुन्हा बांधली. घाईत बोटाला काटा लागला.

मॅडम आल्या. झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अंकल, मैंने तो ऊपर बाँधा था."

"खुल गया था."

त्यांनी गाठ ओढून बघितली. "अब नहीं खुलेगा," एवढंच म्हणाल्या.

खोड कापायला वेळ लागला नाही. मूळ मात्र जमिनीखालून काढावं लागतं. मुलगी पण आली होती. तिनं मॅडमना विचारलं, इथे काय लावणार?

"रोंझ."

"बाबा, मराठीत काय म्हणतात?"

"हिवर."

"आणि घरात?"

मी कुदळ उचलली आणि खणायला लागलो.