यायचे किती घेता?

आमच्या ग्राउंडवर पळण्याचे किस्से फार कमी आहेत. पाच हजार मीटरची शर्यत पंधरा मिनिटांत संपते, त्यात काय किस्सा होणार? किस्से होतात ते तिथं जाण्याचे. गाडी कोण करणार, भाडं कोण देणार, जेवण देणार की नुसतं केळं, आणि नुसतं येऊन उभं राहायचे किती! ह्या बोलण्यांतच आमचे महिने जातात. वर्षाकाठी मेडल तीन-चार मिळतात आणि किस्से तीस-चाळीस.

आधी माणसं सांगतो. जगताप सर हे मिलिटरीतून निवृत्त झालेले आमचे कोच. कराडच्या ग्राउंडवर पोरांना फुकट शिकवतात आणि फुकट शिव्याही देतात. किसन हा ऊसवाल्या घरातला, दहा हजार मीटरवाला. पळताना कमी दमतो, बोलताना अजिबात दमत नाही. तानाजी कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतो आणि रविवारी मोटारसायकलवर येतो. मंगल आटपाडीच्या पलीकडच्या वस्तीवरची. घरी मेंढरं आणि थोडी डाळिंबं. कराडला मावशीकडं राहते.

आणि मी. एके काळी पंधराशे मीटर पळायचो. गुडघा गेला, आता मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. फोनवर जरा बरं बोलता येतं म्हणून आयोजकांशी बोलणी माझ्याकडं आली. सगळे मला मॅनेजर म्हणतात. पगार नाही.

* * *

पहिल्यांदा असा फोन आला तेव्हा मी दुकानात पंखा खोलून बसलो होतो.

"तुमचे किसनराव आमच्या स्पर्धेला यायचे किती घेतात?"

मला प्रश्नच कळेना. तोवर आम्ही स्पर्धेला जायचे पैसे भरत आलो होतो. यायचे कुणी देतं, ही बातमी आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती. घाबरत घाबरत म्हणालो, "एसटीचं भाडं आणि जेवण."

तो गृहस्थ म्हणाला, "अहो साहेब, भाडं आणि जेवण तर आम्ही बँडवाल्यालाही देतो. मी मानधन विचारतोय!"

"विचारून सांगतो," म्हणून मी फोन ठेवला. किसन शेजारीच बसला होता.

"काय म्हनला रं?"

"तू बँडवाल्यापेक्षा वरचा आहेस म्हणाला."

किसन दिवसभर खूश होता.

* * *

मानधन मिळायला लागलं तसे नियमही आले. एका मोठ्या शहरातल्या आयोजकांनी प्रवासखर्चासाठी फॉर्म पाठवला. प्रवासाचा प्रकार, अंतर, मूळ तिकीट जोडणे.

आमची मंडळी गेली होती टोमॅटोच्या टेम्पोतून. ओळखीचा ड्रायव्हर, मार्केट यार्डात माल टाकायला निघालेला, त्यानं फुकट नेलं. आता तिकीट कुठलं आणायचं?

किसन म्हणाला, "स्टँडवर पडल्याली असत्यात की. चार गोळा करून आनतो."

जगताप सरांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं लगेच शूजची लेस बांधायला घेतली. सरांनी स्वतः फॉर्म भरला. प्रवासाचा प्रकार : टोमॅटो. भाडे : शून्य. इतर खर्च : ड्रायव्हरला चहा, दोन वेळा.

आठ दिवसांनी त्यांच्या ऑफिसातून फोन. बाई फार सभ्य होत्या. "सर, फॉर्म व्यवस्थित आहे. फक्त चहाचं बिल जोडलेलं नाही."

सर म्हणाले, "मॅडम, चहा मी पाजला. बिल ड्रायव्हरकडं मागा, तो प्यायलाय."

* * *

मंगलची बोलणी सगळ्यात अवघड. ती आमच्यातली सगळ्यात चांगली धावपटू, हे किसनही मान्य करतो, अर्थात ती नसताना. पण मुलगी एकटी लांब जाणार नाही, ही तिच्या वडिलांची, सिदूतात्यांची अट. म्हणजे कायम दोन तिकिटं. आयोजक तिथंच नाक मुरडतात.

तात्यांची दुसरी अट जास्त कडक होती. "यंदाचं साल पळ. तुज्या भाड्यापायी मी मेंढरू इकनार न्हाई. दिवाळीला पाव्हनं येत्यात बगायला, पसंत पडली की मग पळनं बंद." तात्यांनी तिला आजवर पळताना एकदाही पाहिलं नव्हतं. मंगलला अजून पळायचं होतं. कमीत कमी आणखी एक वर्ष. एवढं एकच तिचं मागणं होतं, आणि ते तात्यांना तोंडावर सांगायचं धाडस आमच्यापैकी कुणालाच नव्हतं.

तर एकदा एक आयोजक मला फोनवर म्हणाला, "एका खेळाडूला दोन तिकिटं आम्हाला परवडत नाहीत."

मंगलनं माझ्या हातातून फोन घेतला. "सर, एका तिकिटाला एक रेस ना? मग दोन द्या. मी दोन पळते."

शनिवारी पाच हजार पळाली, रविवारी दहा हजार. दोन्हीकडं पहिली. बरोबर मावशी गेली होती. परत येताना आयोजकानं पाकीट मावशीच्या हातात दिलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही काही पळत नाही ना?"

* * *

तानाजीचा किस्सा पेसमेकरचा. मोठ्या शर्यतीत नामवंत खेळाडूला वेग मिळावा म्हणून एकाला पैसे देऊन पुढं पळवतात. ठरलेल्या अंतरापर्यंत त्यानं समोरचा वारा अंगावर घ्यायचा, मग बाजूला व्हायचं. पाच हजारच्या शर्यतीत तानाजीला असंच बोलावलं. तीन हजारपर्यंत पुढं राहायचं, त्याचे पैसे ठरले, भाडं वेगळं.

तानाजी घड्याळासारखा पळाला. लेथवरचा माणूस, मापात चूक नाही. तीन हजार पूर्ण झाले, हा ट्रॅक सोडून आत गवतावर येऊन उभा राहिला.

पण मागचा नामवंत खेळाडू तोवर चांगला पन्नास मीटर मागं पडला होता आणि पुढं कुणीच नव्हतं. रेकॉर्ड होणार म्हणून कॅमेरे लावलेले. आयोजक ओरडत धावत आला, "अरे थांबलास का? पळ, पळ! अजून दोन राउंड तरी ओढ त्याला!"

तानाजीनं कपाळाचा घाम पुसला.

"साहेब, शिफ्ट संपली. ओवरटाइमचं काय ठरलंय?"

आयोजकानं आधी घड्याळाकडं, मग कॅमेऱ्यांकडं पाहिलं. तेवढ्यात तानाजीच म्हणाला, "आमच्याकडं डबल आसतोय."

* * *

कोयनानगरला घाटातली शर्यत होती. आयोजकांनी बाहेरून एक पाहुणा खेळाडू आणला होता. गाडी पाठवून आणला, चांगल्या खोलीत ठेवला, मानधन आमच्या सगळ्यांचं मिळून होईल त्यापेक्षा जास्त. करार इंग्रजीत. त्यात लिहिलं होतं की खेळाडूनं शर्यत सुरू केली की मानधन पूर्ण.

घाटातून येताना आमच्या किसनला ओकायला तीन वेळा गाडी थांबवावी लागली होती, त्यामुळं तो पांढरा पडून रेषेवर उभा. स्टार्टरनं हात वर केला आणि त्याच क्षणी जमीन हलली. फार नाही, टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या खुळखुळल्या एवढंच.

पाहुणा जो सुटला! बंदूक नाही, शिट्टी नाही. शे-दोनशे मीटरवर त्याची गाडी उभी होती, थेट तिच्यात जाऊन बसला. बाकीचे आम्ही बावरून उभे. कॉलनीतले लोक मात्र कठड्यावर बसून शेंगा खात होते. त्यातले एक आजोबा मला म्हणाले, "आवं घाबरू नगासा, ह्यो रोजचाच हाय. अजून धा मिंटं बगा, न्हाई आला तर पळा."

दहा मिनिटांनी शर्यत झाली. पाहुणा काही गाडीतून उतरला नाही, पण संध्याकाळी मानधन मागायला बरोबर आला. म्हणाला, करारात सुरुवात लिहिलीय, सुरुवात मी केलेली सगळ्यांनी पाहिली.

आयोजकांनी करार पुन्हा पुन्हा वाचला आणि पैसे दिले. किसन म्हणाला, "गड्या, आपन हितं मरंस्तवर पळायचं आन ह्यो भुई हालल्याचं पैसं खातोय!"

* * *

कराडजवळच्या एका ऊसपट्ट्यातल्या गावात जत्रेनिमित्त शर्यत होती. मानधन नको, फक्त गाडीभाडं द्या, असं मी सरपंचांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "त्येची काळजीच करू नगा."

सकाळी आठची शर्यत. आठ वाजता सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, फेटा. आधी आमदारांच्या पुतण्याचा, मग कारखान्याच्या संचालकांचा, मग आजी-माजी सगळ्यांचा, शेवटी खेळाडूंचा. साडेदहाला ऊन डोक्यावर आलं, तेव्हा शर्यत सोडली. किसन पहिला आला आणि खाली बसला तो उठेचना. फेटा काढायला विसरला होता!

मंगलची ओटी भरली. ओटी भरणाऱ्या बाईंनी माईकवरून मोठ्या मायेनं सांगितलं, "पुढल्या साली ही सासरी आसंल, तवा यंदा वटीचा मान आमचाच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंगल हसली नाही. मला फार वाईट वाटलं, पण तिथं काय बोलणार? मी सरपंचांना बाजूला घेऊन भाड्याचं विचारलं.

सरपंच म्हणाले, "आवं, भाड्याच्या पैशाच्याच तर शाली आनल्या!"

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सगळ्यात शेवटीच सांगतो.

सांगलीत एका पाईप कारखानदारांनी रोड रेस ठेवली. जिल्ह्याची पोरगी म्हणून मंगलचा फोटो चौकाचौकांत फ्लेक्सवर. मानधन असं की त्यात तिचं आणि सोबतीचं वर्षभराचं भाडं निघावं. जगताप सर म्हणाले, "ह्या वेळी सोबतीला मावशी नको. तात्यांना आणा. एकदा बघू देत पोरगी कशी पळते." आमचा सगळा बेत त्यावर होता. तात्यांनी बघितलं की मन पालटेल, आणि भाड्याचीही सोय झालेली असेल.

बुधवारी मंगलची पोटरी धरली. डॉक्टरांनी तीन आठवडे पळायचं नाही म्हणून सांगितलं.

रविवारी सकाळी आम्ही कारखानदारांना खरं काय ते सांगितलं. तात्या बाजूलाच उभे होते, डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडं. कारखानदार भला माणूस, पण फ्लेक्स लावून बसलेला. म्हणाला, "असं करा, मॅडम फक्त शंभर मीटर पळू देत. फोटो होऊ दे. मग जीपमध्ये बसा. मानधन पूर्ण देतो."

खोटं कशाला बोलू, मला हे पटलं. मंगलही म्हणाली, "शंभर मीटर काय, पळते की मी."

तात्यांनी मला विचारलं, "काय म्हनतोय त्यो?"

मी सांगितलं.

तात्या पुढं झाले. "सायेब, आमच्या बाजारात मेंढरू लंगडत आसलं तर गिऱ्हाइकाला आदी सांगत्यात. त्याला दिसलं न्हाई तरी सांगत्यात. हिचा पाय धरलाय. म्या आज हिला हुबी करत न्हाई."

"पण तात्या, आम्ही सगळीकडं फोटो लावलेत."

"बगितलं. लय झ्याक काडलाय फोटू."

"मग मला मानधन देता येणार नाही हो."

"आमी घेत बी न्हाई."

मंगलचा चेहरा एवढासा झाला. पैसे गेले, पळणं बघायचं राहिलं, आणि दिवाळी महिन्यावर. तात्या वळले, चार पावलं गेले. मग थांबले आणि परत आले.

"सायेब, ह्ये पुढल्या साली बी हाय का?"

"आहे की. दर वर्षी घेणार आहोत."

"मग इसार द्या."

कारखानदार माझ्याकडं बघायला लागले. मी सांगितलं, मेंढरांच्या बाजारात सौदा ठरला की घेणारा थोडे पैसे मालकाच्या हातावर ठेवतो. एकदा इसार घेतला की मालक शब्द फिरवत नाही, मग दुसरा कुणी कितीही देऊ दे.

कारखानदारांनी मोबाइल काढला. "नंबर सांगा, ऑनलाइन टाकतो."

"हातावर लागतो," तात्या म्हणाले.

कारखानदारांनी ड्रायव्हरकडून शंभराची नोट आणली. तात्यांनी ती कपाळाला लावली, नीट घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि बटण लावलं. मग मंगलकडं वळले.

"त्या पाव्हन्यास्नी फोन लाव. म्हनावं, दिवाळीला येऊ नगासा. तात्यानं इसार घेतलाय."