शिबिरातून आणलेली साक्ष

माझे बाबा सिल्वासाजवळ गलोंड्याच्या एका धाग्याच्या कारखान्यात क्वालिटी चेकिंगला होते. धाग्यात कुठे गाठ दिसली की अख्खं बॉबिन बाजूला काढायचं, हे त्यांचं काम. तीच नजर घरीही. पोट दुखतंय म्हटलं तर कुठे, कधीपासून, सकाळी भाकरी कशी गेली मग, अशी उलटतपासणी व्हायची. बाकी काही नाही, पण दुसऱ्याच्या बोलण्यातली गाठ शोधायची खोड मला त्यांच्याकडूनच लागली. ही खोड देवाधर्मात फार आड येते, हे मला दहावीची परीक्षा झाल्यावर त्या उन्हाळ्यात कळलं.

डोकमर्डीत आमच्या बिल्डिंगमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर माझी मैत्रीण राहायची. आम्ही नाशिककडचे, ते धुळ्याकडचे. सिल्वासातल्या आमच्या छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीत दोन्ही घरं रविवारी एकाच रिक्षातून जायची. तिचे वडील, म्हणजे काका, रंगाने काळेसावळे, बोलायला एकदम मऊ. फक्त प्यायचे. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे आमच्या गावात दुकानांची रेलचेल, आणि कारखान्यातून सुटणाऱ्या माणसाची वाट नेमकी त्यांच्यावरूनच जाते. प्यायल्यावर काका भांडायचे नाहीत, मारायचे नाहीत. एक मजला जास्त चढायचे आणि आमच्या दाराशी चपला काढून बसायचे. आई दार उघडून म्हणायची, "भाऊ, तुमचं घर खाली." मग ते दोन्ही हात जोडून उठायचे. मैत्रीण जिन्यात उभी असायची. ती त्यांच्या चपला उचलायची आणि माझ्याकडे न बघता खाली जायची.

मे महिन्यात मंडळीच्या तरुण संघाचं शिबिर असायचं. त्या वर्षी ते खेरडीच्या बाजूला एका शाळेत होतं. वर्गातले बाक व्हरांड्यात रचून ठेवलेले, आणि पाचवीच्या वर्गात आम्ही मुली सतरंज्या टाकून झोपायचो. पहाटे आंब्याखाली 'शांत वेळ' असायची. प्रत्येकीने पवित्र शास्त्र घेऊन एकटीने बसायचं, देव काय बोलतो ते ऐकायचं. आमच्यातल्या निम्म्या जणी शास्त्राच्या आड कैरी आणि मीठ घेऊन बसायच्या. गाणी हिंदी, गुजराती, मराठी अशी आलटून पालटून. एकच बादली चौघींत, एकच आरसा सगळ्या वर्गात, त्यामुळे मैत्री पटकन होते. एकमेकींच्या वेण्या घालताना मुली घरातलं असं काही सांगून टाकतात की जे घरी शेजारी राहूनही सांगितलेलं नसतं. माझ्या मैत्रिणीने मला काकांबद्दल पहिल्यांदा तिथे सांगितलं. मला सगळं माहीत होतं, तरी मी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत राहिले.

वापीहून एक दादा शिकवायला आले होते. गिटार छान वाजवायचे, त्यामुळे शिकवलेलं मुलींना पटकन पटायचं. त्यांनी सांगितलं की मागताना मिळालंच आहे असं धरून मागायचं, आणि बोलायचंही तसंच. "डोळ्यांना दिसलं की बोलणार, यात कसला विश्वास?" ते म्हणाले. "आधी बोला, मग दिसेल." मग गटागटाने बसून प्रत्येकाने आपलं मागणं झाल्यासारखं बोलून दाखवायचं. एका मुलाने उठून सांगितलं की मला दहावीला डिस्टिंक्शन मिळालं. निकाल लागायचा होता. सगळ्यांनी हालेलुया म्हटलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "मला आता शंका येत नाहीत." बोलून तोंड मिटतं न मिटतं तोच शंका आली, हे मी खरं बोलले का?

माझ्या मैत्रिणीने डोळे मिटले आणि म्हणाली, "माझ्या पप्पांची दारू सुटली." मग ती रडायला लागली, तिच्याबरोबर गटातल्या सगळ्या मुली रडायला लागल्या. मी तिचा हात धरून होते. माझे डोळे कोरडे. मला लाज वाटत होती आणि थोडा रागही येत होता, पण तो दादांचा, तिचा की माझा, हे काही धड कळत नव्हतं.

शिबिराहून परतलो त्याच आठवड्यात काका पुन्हा आमच्या दाराशी चपला काढून बसले. दुसऱ्या दिवशी पाण्याची टाकी बघायला आम्ही दोघी गच्चीवर गेलो, तेव्हा मी विचारलं, "सुटली नाहीये ना?"

"सुटली आहे," ती म्हणाली. "दिसायची बाकी आहे."

"मग काल काय झालं ते?"

"तू ना, तुझ्या पप्पांसारखीच आहेस," ती म्हणाली, आणि टाकीचं झाकण लावलं. ती चिडली नव्हती, हेच मला जास्त लागलं.

शिबिरानंतरच्या रविवारी मुलांनी मंडळीपुढे साक्ष द्यायची, अशी आमच्याकडे रीत आहे. मोठी माणसं वर्षभर वर्गणी देतात, तेव्हा शिबिरातून पोरांनी काय आणलं ते त्यांना ऐकायचं असतं. मंडळीच्या पाळक साहेबांनी तीन नावं मागितली आणि मैत्रिणीने हात वर केला. शिबिरातला तो नियम आम्हाला पोरांना माहीत होता, मंडळीला नव्हता. तिथे बसलेल्या माणसांसाठी साक्ष म्हणजे घडलेली गोष्ट. कोर्टात देतात तशी. तिला थांबवावं असं मला वाटत होतं. पण थांबवायचं कशाच्या नावाने? विश्वास ठेवू नकोस म्हणून? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत.

मी गाणाऱ्या मुलींबरोबर पुढच्या बाकावर होते. ती उभी राहिली, ओढणी सारखी केली आणि एका दमात म्हणाली, "शिबिरात मी प्रार्थना केली आणि माझ्या पप्पांची दारू सुटली. प्रभूची स्तुती असो."

टाळ्या सुरू झाल्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले, कारण काका कसे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या आईने माझ्याकडे पाहिलं. ती त्या जिन्यावरची साक्षीदार होती, आणि तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं की झाकली मूठ सव्वा लाखाची, ही पोर ती उघडून बसली. बाबा मान खाली घालून होते. त्यांना गाठ दिसली होती.

इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण पाळक साहेबांचं मन भरून आलं होतं. त्यांनी शेवटच्या बाकाकडे हात केला आणि म्हणाले, "भाऊ, पुढे या. देवाने तुमच्यासाठी काय केलं ते तुमच्या तोंडून ऐकू द्या."

काका दचकले. ते नेहमी शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसायचे. टाळ्या चालूच. मला वाटलं, आता ते दारातून बाहेर जातील आणि माझी मैत्रीण सगळ्यांसमोर खोटी ठरेल. ती पुढे उभीच होती. खाली झुकल्यामुळे तिचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलेलं दिसत होतं. मी त्या क्षणी अगदी मनापासून प्रार्थना केली, पण काय मागावं तेच कळेना. काकांनी खरं बोलावं की बोलू नये?

काका उठले. मधल्या वाटेने हळूहळू पुढे आले, एक हात बाकांवर ठेवत ठेवत. माझ्या बाकापाशी आले तेव्हा वास आला. सकाळचाच होता, ताजा. पाळक साहेबांनी पुढे केलेला माईक त्यांनी धरला. त्यांनी मुलीकडे पाहिलं. एरवी ते मंडळीत जपून पुस्तकी मराठी बोलायचे. त्या दिवशी घरच्या अहिराणीत बोलले, "मनी पोर सांगस ते खरं शे."

माझी पोर सांगते ते खरं आहे, एवढंच बोलून त्यांनी माईक परत दिला. पाळक साहेबांनी त्यांना मिठी मारली. मिठीत काहीतरी जाणवलं असणार, कारण त्यांचा हात काकांच्या पाठीवर जरा जास्तच वेळ राहिला. मग त्यांनी "प्रार्थना करू या" म्हटलं, आणि आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले.

दुपारी मैत्रीण आणि मी गच्चीवर कुरडया राखत बसलो. कावळे फार झाले होते. तिच्या हातात काठी होती, माझ्या मांडीवर पाण्याची बाटली.

"तुला वास आला का?" तिने विचारलं.

"कसला?"

"पप्पांचा. तू पुढच्या बाकावर होतीस."

"नाही," मी म्हणाले.

"मला आला," ती म्हणाली. "सकाळी रिक्षातच. मी त्यांच्याच बाजूला होते ना."

मी तिच्याकडे बघतच राहिले. म्हणजे हिला माहीत होतं. सगळं माहीत असून ही उठली, हात वर केला, ओढणी सारखी केली. मग त्याला विश्वास म्हणायचं की काय म्हणायचं? आणि काकांनी जे केलं, त्याला? देवाच्या घरात, माईकवर, तोंडाला वास असताना? मी आज त्याच शिबिरात मुलींना घेऊन जाते. मधल्या वर्षांत काकांची सुटली, लागली, पुन्हा सुटली, आणि हल्ली मैत्रिणीला मी विचारत नाही. मुली मला शंका विचारतात, त्यांना मी उत्तरं देते, पण ह्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याजवळ नाहीत.

"तुला भीती नाही वाटली?" त्या दुपारी मी तिला विचारलं. "ते नाही म्हणाले असते तर?"

"वाटली ना." तिने काठी आपटून कावळा उडवला. "पण ते पुढे आले, बघितलंस? शाळेत मला बक्षीस मिळालं तेव्हा गेटपर्यंत आले होते, आत नाही आले. मला लाज वाटेल म्हणून. आज एवढ्या लोकांतून चालत आले."

ती खुशीत होती, खरंच खुशीत होती. आणि शिबिरात इतक्या मुली रडत असताना कोरडी बसलेली मी, तिथे कुरडयांशेजारी हमसाहमशी रडायला लागले. ती घाबरून विचारत राहिली, काय झालं, काय झालं.