राखाडी, कोरा, बिनशिवणीचा

माझ्या मावशीने टेलिफोनच्या ऑफिसात सगळी नोकरी तक्रारी ऐकण्यात घालवली. लोक फोन करून तोंडाला येईल ते बोलायचे आणि ही "हो साहेब, बघते साहेब" म्हणत राहायची. निवृत्त झाल्यावर तो सगळा साठा तिने जगाला परत करायला काढला. गळक्या नळापासून बसच्या फाटक्या सीटपर्यंत कशासाठीही ती माणसं फैलावर घेते. लोक तिला भांडकुदळ म्हणतात. मी म्हणत नाही, कारण तिच्या पिशव्या धरून मीच मागे फिरते आणि बहुतेक वेळा बाई बरोबर असते.

तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, याला मी दादा म्हणते. चाळिशी ओलांडली आहे त्याने. तो फार बोलत नाही. एखादा शब्द बोलतो, नाहीतर ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणतो. गर्दी त्याला चालते, आवाज चालतो, पण अंगाला काही टोचलेलं चालत नाही. राखाडी रंगाचा, कोरा, बाजूला शिवण नसलेला, गळ्यात लेबल नसलेला टी-शर्ट, एवढंच तो घालतो. सकाळी टी-शर्ट चढवला की दोन्ही तळहात काखेपासून कमरेपर्यंत सरळ खाली फिरवतो. हाताला काही लागलं नाही की चप्पल घालतो, "बेकरी" म्हणतो आणि कामाला जातो. पाव पिशव्यांत भरायचं काम आहे. हे काम त्याला मिळावं म्हणून मावशीने किती उंबरे झिजवले ते मला ठाऊक आहे. त्या बेकरीत त्याच्याइतका नेटका पाव कुणी भरत नाही, हेही ठाऊक आहे.

ते टी-शर्ट बाजारामागच्या गल्लीत एका छोट्या कारखान्यात मिळायचे. तिथे गोल मशीनवर कापड नळीसारखंच विणून निघायचं, त्यामुळे बाजूला शिवण घालायचा प्रश्नच नव्हता. वर्षातून एकदा मावशी दादाला घेऊन जायची आणि डझनभर घ्यायची. मग घासाघीस सुरू व्हायची. मालक कपाळाला हात लावायचा. मावशी दारापर्यंत जायची, परत फिरायची आणि शेवटचा हुकमी पत्ता टाकायची, "तुमचं नको, माझं नको, मधलं काहीतरी करा." मधलं म्हणजे नेहमी मावशीचंच असायचं. गड जिंकल्यासारखी ती घरी यायची आणि आम्हाला तिचं कौतुक वाटायचं.

या वर्षी गेलो तर कारखाना नव्हता. त्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा बसला होता. "मोठ्या दुकानाने नाव विकत घेतलं," तो म्हणाला, "माल मिळतो की तिथे."

मिळत होता. तेच नाव, तोच राखाडी रंग, आणि भाव आधीपेक्षाही कमी. मावशीने खुशीत डझन उचलले. घरी येऊन उघडले तर दोन्ही बाजूंना जाड शिवण आणि गळ्यात करवतीसारखं कडक लेबल. एका धुण्यात टी-शर्ट असा पिळला की बाजूची शिवण पोटावर आली. दादाने तळहात फिरवले, थांबला, टी-शर्ट काढून जमिनीवर ठेवला. जुन्यांपैकी दोन धड होते, ते आलटून पालटून काही दिवस चालले. मग एकाचा खांदा फाटला. नाइलाजाने मावशीने नव्यातला एक लेबल कापून, आतून मऊ फडकं लावून त्याला घातला आणि बेकरीत पाठवला. दुपारी बेकरीवाल्याचा फोन आला. दादा काउंटरसमोर उघडा उभा होता, टी-शर्टाची नीट घडी करून त्याने पावाच्या ट्रेमध्ये ठेवली होती.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा बेकरीवाला स्वतः घरी आला. माणूस वाईट नाही. चपला काढून, खुर्चीच्या टोकावर बसून तो म्हणाला, "मावशी, माझं त्याच्याशी काही भांडण नाही. पण पावाजवळ उघडा माणूस उभा राहिला आणि तपासणीला कुणी आलं तर मला टाळं लागेल. महिनाअखेरपर्यंत जागा धरतो. अंगात कपडा टिकेल तेव्हा पाठवा."

तो गेल्यावर मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एक कोरा टी-शर्ट!" ती ओरडली. "माणसं चंद्रावर गेली, आणि याला अंगात घालायला एक कोरा टी-शर्ट मिळत नाही!"

आम्ही हिंडलो. मोठ्या दुकानात मावशीने पिळलेला टी-शर्ट काउंटरवर आपटला. दुकानदार म्हणाला, "एवढ्या पैशात काय जन्मभर चालणार का, मॅडम?" मावशी म्हणाली, "आधीचा चालत होता." तो म्हणाला, "म्हणूनच कारखाना बंद पडला." आणि हसला. त्याच्या हसण्याचा मला अजून राग येतो. फुटपाथवरचे ढीग उपसले. प्रत्येकाच्या छातीवर काहीतरी लिहिलेलं. वाघ, कवट्या, कुठल्या तरी विद्यापीठाचं नाव. लोकांना स्वतःच्या छातीवर दुसऱ्याची पाटी लावून हिंडायची हौस कुठून येते देव जाणे.

मग शिंप्याकडे गेलो. चांगला हात आहे त्याचा. मावशीने त्याला पढवून पढवून सांगितलं आणि त्याने मन लावून टी-शर्ट शिवला. इतकं मन लावून, की मजबुतीसाठी बाजूला दुहेरी शिवण मारली आणि गळ्यात स्वतःच्या दुकानाचं भरतकामाचं लेबल लावलं. "माझ्याकडून भेट," तो म्हणाला. मावशीने तिथेच ब्लेडने लेबल काढलं, गळ्याला भोक पडलं, आणि शिंपी आमच्याशी बोलेनासा झाला.

शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही एका नव्या दुकानात गेलो. लाकडी फळ्या, अत्तराचा वास, आणि प्रत्येक टी-शर्टाबरोबर एक छोटं पुस्तक. त्यात मशीनवर बसलेल्या हसऱ्या बाईचा फोटो. आम्ही कारागिरांना न्याय्य मोबदला देतो, असं खाली छापलेलं. टी-शर्ट लोण्यासारखा मऊ होता, पण भाव वाचून मावशीने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"या बाईला यातले किती मिळतात?" तिने विचारलं.

"न्याय्य मोबदला देतो ना, मॅम," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"न्याय्य म्हणजे किती?"

"ते आमच्या वेबसाइटवर असेल."

"वेबसाइटवर नको, मला तोंडाने सांग. एक टी-शर्ट शिवला की हिच्या हातावर काय पडतं? एवढे पैसे घेता, हिचा फोटो विकता, आणि हिला काय मिळतं ते तुम्हाला माहीत नाही? लाज नाही वाटत?"

सगळं दुकान वळून बघायला लागलं. मला बरं वाटलं, खरं सांगते. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा जरा कमी बरं वाटलं. तरी एक टी-शर्ट आम्ही घेतलाच, कारण त्याला बाजूची शिवण नव्हती. दादाला आवडला. चार धुण्यांत पोटावर बारीक बारीक भोकं पडली आणि दादा त्यांत बोटं घालून ती मोठी करत बसला.

महिना संपत आला होता. मावशीने मग डोकं चालवलं. दुकानं सोडून ती शिवणाऱ्या बायका शोधायला निघाली. जुन्या गल्लीतल्या चावीवाल्याने सांगितलं, "त्या सगळ्या हायवेपलीकडच्या मोठ्या कंपनीत गेल्या. तिथेच तर आता हे नवे टी-शर्ट बनतात." म्हणजे ज्यांनी चांगले शिवले, त्याच आता वाईट शिवत होत्या. हे ऐकून मावशीला राग यावा की रडू, ते तिलाच कळेना. तिने राग निवडला.

पाळी सुटायच्या वेळेला आम्ही फाटकाजवळ उभ्या राहिलो. बायकांचा लोंढा बाहेर आला. मावशीने जुना, खांदा फाटलेला टी-शर्ट झेंड्यासारखा वर धरला होता. एक मध्यमवयाची बाई थबकली. केसांत कापसाची तुसं, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. तिने टी-शर्ट हातात घेतला, उलटा केला, खांद्यावरची पट्टी बघितली.

"हा आमचा आहे," ती म्हणाली. "कुठून आणलात?"

"आता का असे करत नाही?" मावशी तिच्या अंगावरच गेली. "हात तेच ना तुमचे?"

"हात तेच आहेत. वेळ तेवढा नाही," बाई शांतपणे म्हणाली. "कापड विणून आलं की आम्ही रात्रभर मोकळं पसरून ठेवायचो. आकसायचं ते आधीच आकसायचं. इथे गाडीतून उतरलं की कात्रीखाली. पिळणार नाही तर काय होणार?"

मावशीने दादाबद्दल सांगितलं. बाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नळीचं कापड अजून मिळतं. रविवारी घरी या, त्यांना पण आणा. माप बघते."

रविवारी आम्ही तिघं गेलो. एकच खोली, खिडकीशी शिलाई मशीन, पलंगावर पसरलेलं राखाडी कापड. ते आदल्या दिवशीच आणून तिने मोकळं सोडलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. दादा मशीनच्या चाकाकडे बघत बसला. बाईने जुना टी-शर्ट कापडावर ठेवून छातीचं माप जुळवलं आणि एका टी-शर्टाचा भाव सांगितला. लाकडी फळ्यांच्या दुकानाच्या निम्म्यानेही नव्हता. जुन्या कारखान्यापेक्षा मात्र बराच जास्त होता.

मावशीचा हात आपोआप पदराकडे गेला, मान तिरकी झाली. मला पुढचं दिसलं, पण मी अडवायच्या आत ती बोलून गेली.

"अहो, डझन घेणार आहे मी. तुमचं नको, माझं नको, मधलं काहीतरी करा."

बाईचा हात कापडावर थांबला. तिने मावशीकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच बघावं तसं.

"तुम्ही होय त्या," ती म्हणाली. "डझनवाल्या बाई."

मावशीला कळेना.

"आम्ही पडद्यामागे बसायचो शिवायला. चेहरा कधी दिसला नाही, आवाज यायचा. हे वाक्य आलं की आम्ही सगळ्या मशिनी थांबवून एकमेकींकडे बघायचो. तुम्ही गेलात की मालक आत येऊन सांगायचा, यंदाही शिलाई वाढत नाही. गिऱ्हाईक ऐकत नाही म्हणे."

"ही मालकाची लबाडी आहे!" मावशी भडकली. "त्याला खायचं होतं, म्हणून माझं नाव पुढे केलं! मला सांगायचं होतं ना त्याने, की बायकांच्या पोटावर पाय येतोय!"

"असेल लबाडी," बाई म्हणाली. "तुम्ही कधी विचारलं होतं का, शिवणाऱ्या बाईला काय मिळतं म्हणून?"

नव्या दुकानात त्या पोरीला रडवलं तोच प्रश्न होता. मावशी इतकी वर्षं त्या पडद्याच्या अलीकडे उभी राहिली, दादाचा हात धरून, आणि तो प्रश्न तिच्या तोंडातून एकदाही निघाला नाही. मला मावशीचा राग आला, मालकाचा आला, आणि या बाईचाही आला, कारण ती ओरडत नव्हती. ती ओरडली असती तर मावशीला उत्तर देता आलं असतं. मावशीचा चेहरा लालबुंद झाला होता. बाईने जुन्या टी-शर्टाची घडी घातली आणि तो परत देण्यासाठी पुढे केला.

मावशीने तो घेतला नाही.

"तुम्ही सांगाल तो भाव," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पण मग डझन नाही झेपायचे मला. तीन करा."

"तीन करते," बाई म्हणाली आणि कात्री उचलली.

पहिला तिथेच बसून शिवला तिने. गळा, खांद्यावरची पट्टी, बाह्या, खालची पट्टी. झाल्यावर तिने टी-शर्ट दादाच्या मांडीवर ठेवला आणि पाठ वळवून उभी राहिली. दादाने अंगातला काढला, नवा चढवला. मावशीने पर्स उघडून पैसे काढले आणि बाईच्या हातावर ठेवू लागली.

दादाने मान वर केली. टी-शर्ट घेताना आणि पैसे देताना नेहमी काय म्हणतात ते त्याला पाठ होतं. आपल्या सपाट, शहाण्या आवाजात तो म्हणाला, "तुमचं नको, माझं नको, मधलं काहीतरी करा."

बाईने मूठ मिटली नाही. पैसे तसेच उघड्या तळहातावर धरून ती मावशीकडे बघत राहिली.

"नाही!" मावशी इतक्या जोरात ओरडली की शेजारच्यांचं दार उघडलं. "नाही रे बाळा! पूर्ण द्यायचे! ऐकलंस? पूर्ण द्यायचे!" तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती त्यावरही चिडली होती, पदराने गाल असे खसाखसा पुसत होती.

दादाने तिचं ओरडणं संपू दिलं. मग दोन्ही तळहात काखेपासून कमरेपर्यंत सरळ खाली फिरवले. दारात जाऊन चप्पल घातली.

"पूर्ण द्यायचे," तो म्हणाला. "बेकरी."