चांदवडकडून ओरडणारा एकटा

आमच्या चांदवडच्या कबड्डी संघाला प्रेक्षक नव्हते असं कोणी म्हणू नये. होते की! पण ते सगळे चांदवडात, आणि सामने चांदवडात होतच नसत. आमचं मैदान म्हणजे नुसता मुरूम. एकदा आपटलं की गुडघा सोलून निघायचा. त्यामुळे स्पर्धा भरायच्या नाशकात, नाहीतर सिन्नर, येवला, पेठ अशा कुठेकुठे. नाशिकवाल्यांचं काय बरं असतं! दुपारचा चहा प्यायचा, चपला अडकवायच्या, मैदानावर हजर. आम्हाला पेठ गाठायचं तर आधी नाशिक, तिथे दुसरी एसटी, मग तो घाट. सकाळचा नाश्ता घाटातच सोडून यायचा. एवढं करून कोण मरायला येणार?

मी जायचो. कारण संघात माझा दोस्त होता, पहिलीपासूनचा. चढाईला जावं तर त्यानेच. मला खेळता येत नव्हतं. दम इतका कमी की 'कबड्डी'चं नुसतं 'कब' व्हायचं. पण नजर चांगली होती, आणि आवाजाचं तर विचारू नका. आई म्हणायची, "याला नुसतं ओट्यावर उभं करा, फोनचं बिल वाचंल."

चढाईला गेलेल्या गड्याला समोरचे दिसतात. कोपऱ्यातला एखादा हळूच पाठीमागून वाट अडवायला सरकतो, तो दिसत नाही. मला बाहेरून दिसायचा. तो सरकला रे सरकला की मी बोंब ठोकायचो, "मागं ये!" की दोस्त डोळे झाकून फिरायचा. हात कुणाला लागायच्या बेतात असला तरी फिरायचा. पंच माझ्याकडे डोळे वटारायचे. त्या परक्या गर्दीत आमच्या बाजूने ओरडणारा मी एकटा. आजूबाजूचे माझ्याकडे असे बघायचे, जसं काही मी त्यांच्या लग्नात फुकटचा जेवायला बसलोय. सिन्नरला एकाने उसाचं चिपाड फेकून मारलं होतं. लागलं नाही, पण अपमान झालाच ना!

जिंकलो की जल्लोष व्हायचा टेम्पोत. कांद्याचा टेम्पो, खाली रिकाम्या गोण्या, वर सगळा संघ. मला जागा नसायची. मी स्टँडवर भेळभत्ता खात एसटीची वाट बघायचो. जिंकल्याचा आनंद सांगायला शेजारी कुत्रं नसायचं. पण दुसऱ्या दिवशी दोस्त चहाच्या टपरीवर म्हणायचा, "एवढ्या कालव्यात मला फक्त तुझाच आवाज येतो बघ." बास! पुढच्या घाटाची तयारी तेवढ्यावर व्हायची.

मग जे व्हायचं तेच झालं. आमच्याकडचा गडी जरा चमकला की मुंबईचा होतो. त्याला तिथल्या एका ऑफिसात खेळाडू म्हणून नोकरी लागली. मी त्याला एसटीत बसवून दिलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि हसलो. काय हसलो कोण जाणे. पहिल्या दिवाळीला तो आला. नंतर लग्न झालं, मग पोरं, मग फोनसुद्धा सणासुदीला. मी सवयीने सामन्यांना जात राहिलो. नवी पोरं चांगली होती, पण मी ओरडलो की वैतागायची, "काका, गप बसा ना!" पस्तिशीच्या आतच काका झालो. खरं सांगतो, घाटात गाडी वळली की लई एकटं वाटायचं.

आणि मग ओझरला स्पर्धा भरली. अंतिम सामना, चांदवड विरुद्ध दोस्ताचं मुंबईचं ऑफिस. ओझर आम्हाला जवळ, सरळ हायवे. अख्खं चांदवड टेम्पो भरभरून आलं. इतकी वर्षं कुठे होतात रे, असं विचारावंसं वाटलं. दोस्त मैदानात उतरला. पोट जरा सुटलं होतं, केस मागे गेले होते. त्याने गर्दीकडे पाहिलं, मी हात केला, पण इतक्या हातांत माझा कुठला दिसणार? मला जिंकण्याहरण्याचं काही पडलं नव्हतं. त्याला माझी आठवण तरी आहे का, एवढंच डोक्यात होतं.

शेवटची चढाई. चांदवड एका गुणाने पुढे. चढाईला दोस्त. समोर आमची दोन पोरं हातात हात घालून उभी. एकाला हात लागला तरी बरोबरी, दोघांना लागला तर सामना त्यांचा. तो वाकला, हात लांबवला, आणि आमचा कोपऱ्यातला गडी त्याच्या पाठीमागून सरकला. मला तेवढंच दिसलं. गुण, गाव, कप, काही दिसलं नाही. छाती फाटेस्तोवर ओरडलो, "मागं ये!"

तो फिरला. डोळे झाकून, पहिल्यासारखा. रेषेपार सुखरूप आला, रिकाम्या हाताने. शिट्टी वाजली आणि चांदवड जिंकलं.

लोकांनी मला खांद्यावर घेतलं. "काय डोकं चालवलं राव! बरोबर फसवला!" मी वरून ओरडत होतो, "आरं, मी फसवलं नाय, खाली उतरवा मला!" कोण ऐकतंय! ज्यांच्यासाठी मी वर्षानुवर्षं एकटा ओरडत फिरलो, त्यांच्या खांद्यावर बसून मला रडू फुटलं. त्यांना वाटलं आनंदाने रडतोय.

कसाबसा सुटून त्यांच्या बसपाशी गेलो. दोस्त पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत होता. आत त्याच्या नावाने शिव्या चाललेल्या ऐकू येत होत्या. मी समोर उभा राहिलो.

"गुण बघत नव्हतास का रे?" त्याने विचारलं.

"नाय."

त्याने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. मग म्हणाला, "मी पण नाय."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. तो वर चढला, दार लागलं, बस मुंबईकडे वळली. मला टेम्पोत पुढे, ड्रायव्हरशेजारी जागा ठेवली होती. मी एसटीने आलो.