छपराकडे पाहत येणारे साडभाऊ

कोणाच्याही घरात शिरताना आमच्या साडभाऊंनी आजवर एकदाही खाली पाहिलेलं नाही. ते छपराकडे पाहत येतात, आणि म्हणून गावातल्या बहुतेक उंबरठ्यांना ठेचकाळून झालेलं आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. चामोर्शीजवळच्या एका गावात धानाची शेती करतात. माझ्या लग्नाची बोलणी करायला मुलीकडची मंडळी चंद्रपूरला आमच्या घरी आली, तेव्हा बाकीचे माझ्या नोकरीची चौकशी करत होते आणि हे अंगणात मान वर करून उभे. शेवटी माझ्या वडिलांनी विचारलं, "काय पाहून राह्यले जी?" तर म्हणाले, "पोरगा चांगला हाये. पन टिनावरचे गोटे काढा. हवेनं टिन तं उडतेच, मंग गोटेबी डोक्यावर येतेत." लग्न ठरलं, पण त्याआधी साडभाऊ शिडी लावून वर चढले, गोटे उतरवले आणि पत्रे तारेनं वाशांना आवळले. तोवर खाली पोहे गारढोण झाले होते.

त्यांचं सारं वैर हिवाळ्यातल्या वादळाशी. पौष-माघात कधीतरी आभाळ भरून येतं, वारा सुटतो, गारा पडतात आणि घटकाभरात सगळं उलटंपालटं होतं. लोक दोन दिवस हळहळतात आणि विसरतात. साडभाऊ विसरत नाहीत. फार पूर्वी अशाच एका दुपारी त्यांच्या गोठ्याचा पत्रा उडाला आणि जोडीतला एक बैल गेला. उरलेल्या बैलानं कितीतरी दिवस चाऱ्याला तोंड लावलं नाही, एवढंच ते सांगतात आणि विषय बदलतात.

तेव्हापासून हिवाळ्याची तयारी ते उन्हाळ्यात सुरू करतात. लोक झाडावरच्या कैऱ्या पाहतात, हे वाळलेल्या फांद्या. माझी मेव्हणी वैतागून म्हणते, "यायले वैशाखातबी गाराच दिसतेत!" पण माणूस धोरणी. एका साली त्यांनी घरांवर आलेल्या फांद्या छाटायला लावल्या. पुढच्या साली कापलेल्या धानाचे पुंजणे उंच ओट्यावर रचून दोरानं बांधायला शिकवलं. मग कितीतरी वर्षं ग्रामसभेत एकच धोशा लावून समाजमंदिरावर सिमेंटचा स्लॅब टाकून घेतला. "एकाच साली सारं सांगतलं तं लोकं पळून जातेत, भाऊ. दरसाल एकच गोष्ट मांगाची," हे त्यांचं राजकारण.

हिवाळ्यात त्यांच्या गावात नाटक होतं. वडशाहून कंपनी येते, मोठा मंडप पडतो. नाटक भरवणाऱ्या गावच्या मंडळाकडून साडभाऊंनी दोन गोष्टी कबूल करून घेतल्या होत्या: मंडपाच्या कनाती सुट्या गाठीनं बांधायच्या आणि समाजमंदिराकडची वाट मोकळी ठेवायची. गाठ खरंच सुटते का, हे पाहायला त्यांनी एकदा पाहुण्यांचं भाषण चालू असतानाच कनात सोडली. थंडी अशी आत घुसली की भाषण तिथंच संपलं. त्या वर्षी लोकांनी त्यांना मनापासून दुवा दिला.

आम्ही संक्रांतीला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. नाटकाच्या दिवशी दुपारी मंडपात तालीम चालली होती, निम्मं गाव ती पाहायला जमलेलं. माझी लहानगी मुलगी इतर पोरांबरोबर रंगमंचाला चिकटून बसली होती. पश्चिमेकडे आभाळ काळंभोर झालं आणि साडभाऊंच्या गळ्यातली शिट्टी वाजली.

"नाटक मंग पाहजा! पयले समाजमंदिरात चाला!"

लोक कुरकुरले. तालमीला रंग चढला होता. मीही म्हणालो, "साडभाऊ, जरा थांबा ना, पोरं रडतील."

"रडू द्या भाऊ. रडनारं पोरगं चालते."

त्यांचा चेहरा पाहून मी मुलीला उचललं. वाट मोकळी होती, त्यामुळे ढकलाढकली झाली नाही. मंडळाच्या माणसांनी कनाती सोडल्या आणि तेही धावत आले. मागोमाग गारांचा मारा सुरू झाला. कनाती सुटल्यामुळे वारा आरपार जात होता, म्हणून मंडप बराच वेळ तगला. मग मधला खांब मोडला आणि सगळं छत खाली आलं, रिकाम्या खुर्च्यांवर आणि रंगमंचावर.

शेतातलं हरभऱ्याचं, लाखोळीच्या डाळीचं पीक झोपलं. ते कोणाच्या हातात नव्हतं. पण गावात कोणाला खरचटलंही नाही. मुलगी माझ्या मानेला घट्ट धरून होती. मी साडभाऊंपुढे हात जोडले. त्यांचं लक्षच नव्हतं. वर स्लॅबकडे पाहत ते म्हणाले, "भाऊ, त्या कोपऱ्यात ओल येऊन राह्यली. औंदा पाहा लागते."

आता शिडी चढायला त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. गावातली माणसं आपापली छपरं आपणच आवळतात, कोणाला सांगावं लागत नाही. ऐकूही कमी येऊ लागलंय. पानांची सळसळ त्यांना कळत नाही. म्हणून हिवाळ्यात ते अंगणात खाट टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात, "हवा सुटली का जी?" आभाळ निरभ्र असतं, पान हलत नसतं. तरी डोक्यावर भारा असलेली बाईसुद्धा थांबते, चारी दिशा नीट पाहते आणि मोठ्यानं सांगते, "नाई जी, अजून नाई."