शेवटच्या खांबापासून चाळीस पावलं

सदा गेल्याचा फोन आला आणि, खरं सांगते, पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या क्षणी स्वतःचीच अशी भीती वाटली की फोन हातातून पडला.

आमच्या आगरदांड्याच्या घरात सदा आणि त्याची बायको वैदेही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. तो कॉलेजात शिकवायचा, उरलेला सगळा वेळ गच्चीवर. तिथं त्यानं चार अँटेना ओळीत उभ्या केल्या होत्या आणि त्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओला जोडल्या होत्या. होडीवरच्या वायरलेसची हाक चौघींना किंचित मागेपुढे पोचते, त्या फरकावरून होडी कुठल्या दिशेला आहे ते कळतं. "नुसता नमुना आहे हो, ताई," म्हणायचा. पण माझा भाऊ पांडू रोज समुद्रात. मला तो नमुना देवासारखा! वीज गेली की मात्र चौघींचा मेळ बिघडायचा. मग कुणीतरी छोटा ट्रान्समीटर घेऊन जेट्टीच्या शेवटच्या खांबाशी उभं राहायचं. ती जागा पक्की ठाऊक, तिच्यावरून सदा मेळ पुन्हा लावायचा. ते कुणीतरी म्हणजे मी.

एका दुपारी अशीच वीज जाऊन आली. ऊन नुसतं मी म्हणत होतं. मी चाळीस पावलं अलीकडे, तिकिटाच्या शेडच्या सावलीत थांबले. त्यानं फोनवर विचारलं, "खांबाशीच ना?" "हो रे बाबा!" म्हटलं. काय मेली बुद्धी सुचली… तासाभरात पांडूचं इंजिन बंद पडलं. सदानं सांगितलेल्या दिशेला गावातली होडी गेली, तर तिथं नुसतं पाणी. दिवस बुडता बुडता पांडू सापडला, उन्हानं भाजून निघालेला. सदा आठ दिवस केबली बदलत बसला. "माझंच काहीतरी चुकलं, ताई." आणि मी त्याला चहा नेऊन देत होते.

मग एकदा जिन्यात भेटला. "ताई, शेडपाशी जाऊन बघा जरा. खूण केलीय," म्हणाला आणि हसला. याला कळलं! मी तिकडे फिरकलेच नाही. चौथ्या दिवशी कॉलेजातच त्याचं हृदय थांबलं.

गेल्या आठवड्यात वारा सुटला, वीज गेली आणि आली. पांडू बाहेर. वैदेही गच्चीवर चढली, मी ट्रान्समीटर घेऊन धावले. शेडपाशी पाय थबकले. सावलीत, मी उभी होते अगदी तिथंच, पांढऱ्या रंगाचा गोल. दोन पावलं मावतील एवढा.

फोनवर वैदेही ओरडत होती, "ताई, ह्यांनी इथं संगणकावर मेळ लावायला दोन जागा भरून ठेवल्यात. खांब आणि सावली. कुठली दाबू?"

मी गोलात पाय ठेवले.

"सावली," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोला, वारा आहे!"

"सावलीत आहे गं! तेव्हाही सावलीतच होते!"